मंगळवारचा विक्रम

वर्तमानपत्राच्या कचेरीतले ऋतू पंचांगातल्या ऋतूंसारखे नसतात. जूनमध्ये शाळेची दप्तरं आणि रस्त्यांवरचे खड्डे, जुलैमध्ये धरणांतला पाणीसाठा, ऑगस्टच्या मध्यापासून गणपती बसेपर्यंत कुपोषण. गणपती बसले की तो विषय पुढच्या वर्षापर्यंत बांधून ठेवला जातो. डोंगरातल्या पाड्यांवर त्यानंतरही महिनाभर घरात दाणा नसतो, कारण नागली आणि वरई कापायला दसरा उजाडतो. त्या महिन्याला कचेरीच्या वेळापत्रकात कधी स्थान मिळालेलं नाही.

यंदाही त्याच पंधरवड्यात फोन आला. एक तरुण बातमीदार जव्हारला पोचली होती. "सर, ती जीपची बातमी तुमचीच ना? आम्हाला कोर्सला शिकवली होती. पुरावा कसा शोधायचा, त्याचं उदाहरण म्हणून." तिला जुनं कात्रण हवं होतं आणि जमल्यास त्यातल्या लाकडी फळीचा मूळ फोटो. कात्रण पाठवून दिलं. फोटोची प्रत उरलेली नाही, असं सांगितलं. प्रत आहे.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, इथे काय धुकं आहे सर, समोरचं दुकान दिसत नाही.

जव्हारचं भाद्रपदातलं धुकं दाराशी थांबत नाही, घरात येतं. बाजारातल्या गल्लीत हुसेन मिस्त्रींचं दुकान होतं, तिथे ते उंबरा ओलांडून आलं की गेमच्या पडद्याचा निळा उजेड त्यात पसरत असे. ओल्या भुशाचा वास, चुलीवर तापत ठेवलेल्या सरसाचा वास, आणि त्यात तापलेल्या टीव्हीचा एक वेगळाच, किंचित जळका वास. पडद्याजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहत.

मिस्त्रींच्या घरात तीन पिढ्या लाकूडकाम चाललेलं होतं. नव्वदच्या दशकात लोखंडी कपाटं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या डोंगर चढून आल्या आणि दरवाजे, पलंग, पाळणे यांची कामं कमी झाली. मुंबईतल्या भाच्याने एक जुनं गेमचं किट आणून दिलं. त्याला लागणारं खोकं मिस्त्रींनी स्वतः केलं, उरलेल्या सागवानातून, कडेला पट्ट्या मारून, वर दोन फुलं कोरून, पॉलिश करून. त्या काळात ठाण्या-मुंबईकडच्या बऱ्याच गेमच्या दुकानांत जाणं झालं. कोरलेल्या फुलांचं मशीन दुसरीकडे पाहिलं नाही.

गेमचं नाव पडद्यावर इंग्रजीत येत असे. ते कोणी वाचत नसे. सगळे त्याला विमानाचा गेम म्हणत. पडद्याच्या डाव्या कडेला एक लहान विमान असे. बाकीचं जग उजवीकडून त्याच्या अंगावर चालून येई: आधी तारे, मग डोंगर, मग गुहा, मग एक किल्ला. थांबता येत नसे, मागे जाता येत नसे. शत्रूची विमानं ओळीने येत. पूर्ण ओळ पाडली तर मागे एक चमकता गोळा राहायचा, तो घेतला की वेग वाढायचा किंवा मारा वाढायचा. एकदा मेलं की मिळवलेलं सगळं जात असे आणि उघड्या विमानानिशी पुन्हा त्याच शत्रूंसमोर उभं राहावं लागे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक मोठं जहाज येई. त्याच्या पोटातलं दार क्षणभर उघडे, तेवढ्यातच काय ते करायचं.

शेजारी एसटीडी बूथ होता. बातमी फोनवर सांगायची असे आणि पावसाळ्यात लाइन दिवसातून चार वेळा मरत असे. ती जिवंत होईपर्यंत बसायची जागा म्हणजे मिस्त्रींचं बाकडं. तालुक्याच्या बातमीदारीची ती चार वर्षं अशी त्या बाकड्यावर गेली. वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतरची वर्षं होती ती. त्या दोन गावांची नावं एकदा छापून आल्यावर मुंबईच्या संपादकीय टेबलांवरून प्रत्येक पावसाळ्यात एकच प्रश्न यायचा: यंदा किती?

बाकड्यावरून खेळणारे दिसत. कॉलेजातली पोरं बटण दाबून धरत आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत. ती दुसऱ्या टप्प्यात मरत. बाजाराच्या दिवशी दुकानदार येत, ते पहिल्यात मरत आणि मशीनला दोष देत. लहानू यांच्यात बसत नव्हता.

लहानू एका आरोग्य केंद्राच्या जीपचा चालक होता, रोजंदारीवरचा. चौथी शिकलेला, वय पस्तिशीचं. गावात सगळे त्याला एकेरी हाक मारत. मी तेवढा लहानूदादा म्हणत असे. जीप तो अनवाणी चालवायचा, चपला सीटखाली ठेवून. गेमसमोर उभा राहतानाही चपला आधी बाजूला काढायचा. पोरं त्यावरून चिडवत. "ड्रायव्हर, हॉर्न मार, हॉर्न. समोरून ट्रक आला." लहानू हसायचाही नाही. डोळे पडद्यावर, दांडा दोन बोटांत, हलका.

तो फार कमी गोळ्या झाडायचा. मिस्त्रींना ते बघवत नसे. "अरे लहानू, गोळी तरी मार. बंदूक काय शोभेला दिलीय तुला?"

"मारायला लागला तं मारीन, चाचा. जाणारा हाय त्याला जाऊ दे."

त्याचं म्हणणं साधं होतं. पडद्यावर जे येतं ते दर वेळी त्याच जागी येतं. तिसऱ्या डोंगरामागून दोन विमानं, गुहेच्या तोंडाशी वरून एक. ते त्याने जव्हार-मोखाडा रस्त्यासारखं पाठ केलं होतं. "कंच्या वळणाला काय हाय ता ठावा असला की झाला," असं तो म्हणायचा. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नसतानाही त्याची जीप कधी खड्ड्यात गेली नव्हती, हे खुद्द डॉक्टर सांगत. फक्त त्याला वेळ मिळत नसे. केंद्रातून औषधं घ्यायला आला की वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. चौथ्या टप्प्याच्या आसपास पोचला की कोणीतरी बोलवायला यायचं आणि चालू डाव तसाच सोडून तो निघायचा. मागे राहिलेलं विमान दुसरं कोणीतरी दोन मिनिटांत पाडून टाकत असे.

मशीनला स्मरण नव्हतं. वीज गेली की सगळ्यांत जास्त गुणांचा आकडा पुसला जायचा आणि कारखान्यातून भरून आलेला आकडा पुन्हा दिसायचा. पावसाळ्यात वीज रोज जाई. त्यामुळे भांडणं होत: परवा मी एवढे केले होते, कोण म्हणतो, मी म्हणतो. सुताराला प्रत्येक माप लाकडावर लिहून ठेवायची सवय असते. मिस्त्रींनी एक फळी रंधून गुळगुळीत केली, भिंतीला ठोकली आणि सुतारकामाच्या चपट्या लाल पेन्सिलीने तिच्यावर विक्रम लिहायला सुरुवात केली. नाव, आकडा, वार, तारीख, वेळ. स्वतः पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. त्या फळीवरच्या नोंदीबद्दल कधी वाद झाला नाही. तालुक्यातल्या किती सरकारी नोंदींबद्दल असं म्हणता येईल, हा प्रश्न तेव्हाच सुचला होता. सुचल्याचा अभिमानही वाटला होता.

भाद्रपदात डोंगर हिरवे असतात आणि हंडे रिकामे. भाताची आवणी संपलेली, मजुरी नाही, नागली नुकती पोटरीला आलेली. घरोघरी करांदे, रानातले कंद, उकडत असतात. कडू असतात म्हणून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, मग उकडायचे. ओढ्यांना पाणी चढलं की पाडे तुटतात. अशा वेळी लहानूची जीप दर मंगळवारी मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्याच्या खालपर्यंत जायची. तिथून नर्स आणि तो डोक्यावर खोकी घेऊन चढत. जुलाबावरची औषधं, मिठा-साखरेची पाकिटं, लहान मुलांचं पीठ. तो पाडा लहानूची सासरवाडी होता. कोणत्या घरात अंगावर पिणारं मूल आहे, कोणाची बाई पुन्हा पोटुशी आहे, हे तो नर्सच्या वहीशिवाय सांगायचा. माझ्या बऱ्याच बातम्यांतली पाड्यांची नावं त्याच्याकडून आलेली होती.

त्या वर्षी एका मंगळवारी मुंबईहून पाहणी पथक येणार होतं. कुपोषणाची पाहणी. सकाळपासून विश्रामगृहाकडे गाड्यांची ये-जा चालू होती. आणि त्या दिवशी वीज गेली नाही. पथक जव्हारात असेपर्यंत ती जाणारही नव्हती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लहानू साडेअकराला दुकानात आला. जीप विश्रामगृहाबाहेर उभी होती, मागे खोकी भरलेली. साहेबांनी थांबायला सांगितलं होतं. साहेब म्हणजे तालुक्याचे आरोग्याचे अधिकारी. पथकाची एखादी गाडी बंद पडली तर हाताशी एक असावी म्हणून.

लहानू दोनदा विश्रामगृहापर्यंत जाऊन विचारून आला. थांब म्हणाले. तिसऱ्यांदा शिपायानेच परतवलं. मग त्याने चपला काढल्या.

तो डाव मी पाहिला. फोनची लाइन मेलेली होती आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्यांदा त्याला कोणी बोलवायला आलं नाही. पाचवा टप्पा, सहावा, किल्ला. गल्लीतले लोक कामं टाकून दारात जमले. पोरांनी चिडवणं बंद केलं. शेवटचं जहाज आलं तेव्हा दुकानात फक्त मशीनचा आवाज होता. लहानू त्याच्यासमोर वरखाली करत राहिला, दार उघडलं की एक गोळी, बंद झालं की बाजूला. जहाज फुटलं, पडदा पांढरा झाला आणि खेळ पुन्हा पहिल्या डोंगरापासून सुरू झाला. त्या मशीनवर शेवट कोणी पाहिलेला नव्हता. शेवटी पुन्हा सुरुवातच असते, हे तेव्हा कळलं. मिस्त्रींनी पेन्सिल घेतली आणि फळीवर लिहिलं. लहानू, सहा आकडी गुण, मंगळवार, तारीख, दुपारी पावणेचार.

पथक तीनला आलं होतं. चहा घेऊन, धुक्यामुळे पुढे जाणं शक्य नाही असं ठरवून, साडेचारला परत गेलं. पाचला वीज गेली.

त्या आठवड्यात पाड्यावर दोन मुलं जुलाबाने गेली. एक बुधवारी पहाटे, एक गुरुवारी. बुधवारचं मूल लहानूच्या मेव्हण्याचं होतं, बायकोच्या सख्ख्या भावाचं. दीड वर्षाचा मुलगा.

शुक्रवारी पाड्यावर चालत जाऊन आलो. मुलाच्या आईने सांगितलं की मंगळवारी गाडीची वाट पाहिली, गाडी आली नाही. शनिवारी आरोग्य खात्यातल्या एका कारकुनाने जीपच्या लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्स हातात ठेवली. त्याचा साहेबांवर जुना राग होता. त्या पानावर मंगळवारची फेरी नोंदलेली होती: जव्हार ते पाडा आणि परत, इतके किलोमीटर, इतकं डिझेल. खाली चालकाची सही. लहानूने अक्षरं जुळवून काढलेली, ओळखू येणारी सही.

ज्याने बातमीदारी केली आहे त्याला ही घटका माहीत असते. एका बाजूला सरकारी कागद, दुसऱ्या बाजूला भिंतीवरची फळी, आणि दोन्हींवर एकच तारीख. असा पुरावा दहा वर्षांत एकदा मिळतो. दोन मुलांच्या घरून आल्याला एक दिवस झाला होता आणि मनात जे होतं त्याला आनंद याशिवाय दुसरा शब्द नाही.

लहानूला विचारलं. नियमच आहे तो. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, खेळत नव्हता. मी मदत करायला विचारतो आहे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने सगळं सांगितलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला कचेरीत लॉगबुकाच्या सगळ्या कोऱ्या पानांवर त्याची सही घेत. पुढचं कारकून भरी. सगळ्याच चालकांचं तसं होतं, रोज रोज सहीला कोण थांबणार. आणि मंगळवारी गाडी साहेबांनी थांबवली.

"लेखी आदेश होता?"

"लेखी कशाला, भाऊ? सायेब तोंडानं सांगतात. हाल नको म्हनले, मी नाय हाललो."

"शिपायाने ऐकलं असेल."

"आयकला असंल. पन तो सांगंल का?"

शिपाई म्हणाला, मी त्या दिवशी चहाच्या गडबडीत होतो. साहेब म्हणाले, असा कोणताही आदेश मी दिलेला नाही, लॉगबुक पाहा. टेबलावर शिकवलेली पहिली गोष्ट ही की जे कागदावर नाही आणि ज्याला दुसरा साक्षीदार नाही, ते छापायचं नाही. नियम वाईट नाही. त्याने पुष्कळ निरपराध माणसांची अब्रू वाचवली आहे. त्या वेळी त्याने साहेबांची वाचवली. लहानू दोनदा विचारायला गेल्याचं मी त्याच्या तोंडून ऐकलं होतं. सोबत गेलो नव्हतो. त्यामुळे तेही बातमीतून गेलं.

फळीचा फोटो काढू का, असं मिस्त्रींना विचारलं. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "ही खेळाची फळी आहे, भैया. कोर्टाची नाही."

बातमीत लहानूचं नाव घालणार नाही, असं मी म्हणालो. त्यांनी फळीकडे पाहिलं. असरच्या नमाजाला जाताना रोजच्यासारखं म्हणाले, जरा दुकानाकडे बघा. ते परत यायच्या आत फोटो काढून झाला होता. रोल संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला.

बातमी सोमवारी पहिल्या पानावर आली. प्रत्येक वाक्य खरं होतं. जीप पाड्यावर गेली नाही. लॉगबुकात फेरी दाखवली आहे, सही चालकाची आहे. त्या वेळी चालक जव्हार येथील व्हिडिओ गेमच्या दुकानात होता, असं तिथल्या नोंदीवरून दिसतं. पाड्यावर त्या आठवड्यात दोन बालकं दगावली. गाडी गेली असती तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नव्हतं आणि बातमीत तसं कुठे म्हटलेलंही नव्हतं. दोन वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं लिहावं लागत नाही. मथळा टेबलाने दिला: मुले तडफडत होती, चालक खेळत होता. बातमीत नाव नव्हतं. तीन कॉलम फोटोत होतं, लाल पेन्सिलीतलं, स्वच्छ, कोणालाही वाचता येईल असं.

त्याच दिवशी लहानूला कामावरून काढलं. रोजंदारीच्या माणसाची चौकशी करावी लागत नाही. साहेबांनी तातडीने कारवाई केल्याची बातमी दुसऱ्या दिवशी आली. तीही मीच दिली. विमानाच्या गेममध्ये एक सोय होती. लहानसहान विमानं पाडून झाली की मोठं जहाज समोर यायचंच, ते आल्याशिवाय टप्पा संपायचा नाही. साहेबांची दोन वर्षांनी बढतीवर बदली झाली.

मंगळवारी दुकानात गेलो तेव्हा मिस्त्रींनी फळी भिंतीवरून काढली होती. ती शिकंज्यात घट्ट बसवून ते तिच्यावर रंधा मारत होते. लाल अक्षरं असलेल्या ढलप्या वळून खाली पडत होत्या. पूर्ण फळी कोरी झाली. मग अंगावरचा भुसा झटकत म्हणाले, "तुम्ही काही खोटं लिहिलं नाही, भैया. म्हणून तर तुम्हाला काही बोलता येत नाही."

मशीन त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात विकलं. सागवानी खोकं ठेवून घेतलं आणि आत फळ्या ठोकून त्याचं कपाट केलं.

लहानू दिवाळीनंतर भेटला, एसटी स्टँडवर. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर चालला होता, बायको सोनी आणि दोन मुली सोबत. पाड्यावरून भट्टीवर जाणारे पुष्कळ होते, पण त्याच्या घरातून पहिल्यांदाच कोणी चाललं होतं. त्याने तक्रार केली नाही. एक गोष्ट मागितली. मेव्हण्याने बोलणं टाकलं होतं. सोनी भाच्याच्या दिवसांना माहेरी गेली तेव्हा तिला भावाने अंगणातूनच परत लावली. तुझा नवरा खेळत होता, म्हणाला. कोणीतरी पेपरचं पान त्याच्या घरी नेऊन दिलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, पण फोटोतलं नाव शाळेतल्या मुलाने वाचून दाखवलं होतं.

"येक वळ छापा, भाऊ," लहानू म्हणाला. "गाडी मी नाय ठेवली, येवढीच. मेव्हन्याला दाखवीन."

मी म्हणालो, काहीतरी लेखी आणा.

तो मान हलवून गाडीत चढला. लेखी काय आणणार होता? त्याच्या आयुष्यात लेखी असं जे होतं ते कोऱ्या पानांवरच्या सह्या आणि एक फळी.

यानंतरची वर्षं शहरात गेली. बातमीचं कौतुक झालं होतं, टेबलावर जागा मिळाली. मशीनचे खेळ दुकानांतून घरात आले, घरातून फोनमध्ये. लोकलमध्ये, रुग्णालयांच्या बाकांवर, लग्नघरांत माणसं अंगठ्याने तेच करताना दिसतात. उजवीकडून येणारं डावीकडे जातं. आता थांबवताही येतं आणि मागचाही डाव जपून ठेवता येतो.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाल्यावर एका समारंभात साहेब भेटले. निवृत्त झाले होते, तब्येत चांगली होती. त्यांनीच विषय काढला, जुन्या ओळखीच्या सलगीने. "तुमची ती जीपची बातमी. काय घाम फोडला होता हो आम्हाला. गाडी मीच थांबवली होती की. पथक येणार म्हटल्यावर काय करणार? तो बिचारा मधल्या मधे गेला." सोबतचे दोघं हसले. हे छापू का, असं विचारल्यावर तेही हसले. "छापा की. आता काय होतंय?"

आता दोन साक्षीदार होते. मी पंधरा ओळी लिहिल्या. संपादकांनी वाचून विचारलं, हे आज कशासाठी? मग त्यांनी तीन ओळी ठेवल्या. त्या आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली आल्या.

त्या अंकाच्या दोन प्रती घेऊन लहानूच्या स्वतःच्या पाड्यावर गेलो. भाद्रपदच होता. रस्ता आता वरपर्यंत झाला होता, उखडलेला का होईना. लहानू घराबाहेर बसून कुंपणाचं कूड बांधत होता. केस पांढरे झाले होते, उजव्या हाताची दोन बोटं भट्टीवर गेलेली. त्याने बसायला घोंगडी टाकली. सोनीबाईंनी कोरा चहा आणला. भावाचं बोलणं अजून बंदच होतं. त्यांची आई मधल्या काळात गेली, तेव्हाही त्या दुरूनच पाहून आल्या होत्या.

मी पेपर उघडून दाखवला. लहानूने कूड खाली ठेवलं आणि पान हातात घेतलं. तो एकेक अक्षर जुळवत वाचू लागला, मग थांबला आणि मला वाचा म्हणाला. मी वाचलं. काही वर्षांपूर्वी पाड्यावर न पोचलेली आरोग्य खात्याची जीप वरिष्ठांच्या तोंडी सूचनेवरून थांबवण्यात आली होती, असे आता समजते. संबंधित चालकाचा त्यात दोष नव्हता.

"पुना वाचा," सोनीबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"यांचा नाव कठं हाय?"

नाव नव्हतं. माझ्या पंधरा ओळींत होतं, तीन ओळींत राहिलं नव्हतं. छापलेल्या पानावर ते शोधताना मी दोनदा खालीवर पाहिलं, जणू नजरेतून सुटलं असेल.

"तवा तं येवढा मोठा होता," त्या म्हणाल्या आणि हाताने लांबी दाखवली. "ह्यो भावाला दाखवला तं तो म्हनंल, दुसरा कोनी ड्रायव्हर असंल. मी काय सांगू त्याला?"

लहानूने पानाची घडी घातली, माझ्याकडे परत दिली आणि कूड उचललं.

अंकात जागा नव्हती, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं होतं.